पोरगं परदेशात अन् तिकडं साथ आली तर? एम्बसी काय करते, घरच्यांनी काय करून ठेवावं

सोलापूर : जिल्ह्यातल्या गावागावांतून आता कुणी ना कुणी परदेशात आहे. कुणाचा मुलगा रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान नाहीतर फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकतोय, कुणाचा भाऊ दुबई-कतारला ड्रायव्हर आहे, कुणाची लेक-जावई अमेरिकेत. एरवी रोज व्हिडिओ कॉल होतो, त्यामुळं अंतर जाणवत नाही. ते जाणवतं साथीत. २०२० साली विमानं बंद झाली तेव्हा अनेक घरांत एकच प्रश्न होता : आता फोन कुणाला लावायचा? तहसीलदार म्हणायचे कलेक्टर ऑफिसला विचारा, तिथून सांगायचे मुंबईला विचारा, मुंबईहून सांगायचे दिल्लीला विचारा.

खरं उत्तर असं, की परदेशात अडकलेल्या भारतीय माणसाची पहिली जबाबदारी त्या देशातल्या भारतीय दूतावासाची, म्हणजे आपण ज्याला एम्बसी म्हणतो तिची. मोठ्या देशांत राजधानीत दूतावास असतो आणि इतर शहरांत त्याची वाणिज्य दूतावासं असतात. नावात 'वाणिज्य' असलं तरी तिथं नुसता व्यापार चालत नाही. पासपोर्ट हरवला, कुणी तुरुंगात गेलं, दवाखान्यात पडलं, वारलं तर ते काम याच कार्यालयाचं. याला कॉन्सुलर सेवा म्हणतात. ही सेवा साथीच्या काळात कशी चालते, कुठं थांबते आणि आपण आधी काय करून ठेवलं तर तिचा उपयोग होतो, हे समजून घेऊ.

हा हक्क आला कुठून?

१९६३ साली व्हिएन्ना इथं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आपला माणूस दुसऱ्या देशात असेल तर त्याला भेटणं, मदत करणं, कागदपत्रं देणं ही वाणिज्य दूतावासाची कामं त्यात लिहिलेली आहेत. भारत या करारात १९७७ साली सामील झाला. कुलभूषण जाधव प्रकरणात 'कॉन्सुलर ॲक्सेस' हा शब्द आपण टीव्हीवर शेकडो वेळा ऐकला. तो याच करारातल्या ३६व्या कलमातला. जुलै २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं भारताच्या बाजूनं सांगितलं, की पाकिस्ताननं हा हक्क नाकारून करार मोडला.

याच कराराचं ३७वं कलम फार कुणाला माहीत नाही, पण साथीत ते महत्त्वाचं. परदेशात आपला माणूस वारला आणि तिथल्या सरकारला ते कळलं, तर त्यांनी विनाविलंब आपल्या दूतावासाला कळवायचं असतं.

पण करारातच दुसरी बाजूही आहे. दूतावासाच्या लोकांनी त्या देशाचे कायदे पाळायचे. म्हणजे तिथल्या सरकारनं शहर बंद केलं, चौदा दिवस कोंडून ठेवलं, तर आपला राजदूतही ते कुलूप उघडू शकत नाही. तो विनंती करू शकतो, परवानगी मागू शकतो, जेवण-औषध पोचवू शकतो. हा फरक घरच्यांना माहीत नसला की 'एम्बसी काहीच करत नाही' असा राग येतो.

जुनी गोष्ट : हजला जाणारे आणि जेद्दाचा डॉक्टर

साथ आणि परदेशी गेलेली माणसं हा प्रश्न कोरोनानं आणलेला नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातून हजला जाणारे बहुतेक लोक मुंबई बंदरातून जहाजानं निघायचे. १८६५ साली मक्केत कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली आणि साथ पुढं युरोपपर्यंत पोचली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या, जहाजांची तपासणी, क्वारंटाईन सुरू झालं. १८८२ साली इंग्रज सरकारनं जेद्दाला डॉ. अब्दुर रझाक नावाच्या हिंदुस्थानी डॉक्टरला उप-वाणिज्यदूत म्हणून नेमलं. हिंदुस्थानी यात्रेकरूंच्या तब्येतीकडं आणि अडचणींकडं बघणं हे त्यांचं काम. १८९५ साली जेद्दाजवळ त्यांची हत्या झाली. म्हणजे दूतावासात डॉक्टर असावा, ही गरज सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

सोलापूरकरांना तर डॉक्टर आणि चीन म्हटलं की एकच नाव आठवतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं ३२. तेव्हा भारताचा स्वतःचा दूतावास नव्हता, कारण देशच स्वतंत्र नव्हता. आज तो आहे. जगात बहुतेक ठिकाणी आहे. प्रश्न आहे तो साथ येण्याआधी तयार असण्याचा.

वुहानमध्ये नेमकं काय झालं?

२३ जानेवारी २०२० ला चीननं वुहान शहर बंद केलं. तिथं आणि हुबेई प्रांतात शेकडो भारतीय विद्यार्थी होते, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. वुहानमध्ये आपलं वाणिज्य दूतावास नव्हतं. बीजिंगच्या दूतावासानं २६ जानेवारीचा प्रजासत्ताक दिनाचा स्वागत समारंभ रद्द केला, हेल्पलाईन उघडल्या आणि पहिलं काम केलं ते यादी करण्याचं : कोण, कुठल्या कॉलेजात, कुठल्या होस्टेलला, पासपोर्ट जवळ आहे की व्हिसाच्या कामासाठी जमा केलाय, ताप आहे का.

यादी झाल्यावर चीनकडून परवानगी, मग बंद रस्त्यांवरून बसनं विद्यार्थ्यांना विमानतळावर आणायची परवानगी, मग एअर इंडियाचं जम्बो विमान. १ आणि २ फेब्रुवारीला दोन विमानांतून ६४७ भारतीय आणि मालदीवचे ७ जण दिल्लीला आले. ताप असलेल्या काहींना चीनच्या अधिकाऱ्यांनी विमानात चढू दिलं नाही. आलेल्यांना मानेसरला लष्कराच्या आणि छावलाला आयटीबीपीच्या केंद्रात ठेवलं. फेब्रुवारीच्या शेवटी हवाई दलाचं विमान १५ टन वैद्यकीय साहित्य घेऊन वुहानला गेलं आणि येताना ७६ भारतीय व ३६ परदेशी नागरिकांना घेऊन आलं.

यात लक्षात घ्यायचं ते एवढंच : विमान शेवटी आलं. आधी यादी आली. ज्याचं नाव, नंबर, पत्ता दूतावासाकडं होता त्याला फोन गेला.

इराणमध्ये यात्रेकरू अडकले

पुढचा फटका इराणचा. मार्च २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत सांगितलं, की इराणमध्ये सहा हजारांवर भारतीय आहेत. त्यांत सुमारे ११०० यात्रेकरू, ते मुख्यतः लडाख, जम्मू-काश्मीर आणि महाराष्ट्रातले. शिवाय विद्यार्थी आणि सुमारे हजार मच्छीमार. यात्रेकरू कोम शहरात होते आणि साथही तिथंच जोरात होती.

इथं अडचण वेगळी होती. तपासणी केल्याशिवाय आणलं तर आजार इकडं येणार, आणि इराणमध्ये तपासणीची सोय अपुरी. म्हणून भारतानं आपले शास्त्रज्ञ तिकडं पाठवले. नमुने विमानानं भारतात आणून तपासले. ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह त्यांना तुकडी-तुकडीनं आणलं. १३ मार्चला ४४ यात्रेकरू मुंबईत उतरले, त्यांना घाटकोपरला नौदलाच्या केंद्रात ठेवलं. नंतरच्या काही तुकड्या जैसलमेरला गेल्या. जूनमध्ये नौदलाचं 'आयएनएस शार्दूल' इराणच्या बंदर अब्बासहून २३३ जणांना घेऊन पोरबंदरला आलं.

ज्यांना थांबावं लागलं त्यांच्या घरच्यांचे दिवस फार वाईट गेले. पण आधी तपासणी, मग प्रवास हा क्रम तेव्हापासून ठरून गेला.

विमानं बंद आणि 'वंदे भारत'

१७ मार्चला फिलिपिन्स, मलेशिया आणि अफगाणिस्तानातून येणाऱ्या प्रवाशांना अचानक बंदी झाली. फिलिपिन्सला शिकणारी पोरं घरी यायला निघालेली, ती क्वालालंपूरच्या विमानतळावर मधेच अडकली. त्यांना नंतर खास परवानगीनं दिल्ली आणि विशाखापट्टणमला आणलं. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं पूर्ण थांबली. त्यानंतर जवळजवळ दीड महिना सर्वसाधारण प्रवाशांना परतीचा रस्ता नव्हता. 'आहे तिथंच थांबा' हाच सरकारचा सल्ला होता.

७ मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. पहिली विमानं अबुधाबी आणि दुबईहून केरळला आली. १० मे रोजी लंडनहून मुंबईला विमान उतरलं. नौदलानं 'समुद्र सेतू' मोहिमेत मालदीव, श्रीलंका आणि इराणहून माणसं आणली. 'आयएनएस जलाश्व'च्या पहिल्याच फेरीत मालेहून ६९८ जण कोचीला आले. पुढच्या महिन्यांत लाखो लोक परतले.

नियम असे होते : दूतावासाच्या वेबसाईटवर नाव नोंदवायचं. ज्यांची अडचण मोठी त्यांना आधी नंबर, म्हणजे नोकरी गेलेले कामगार, व्हिसा संपत आलेले, गरोदर बाया, म्हातारी माणसं, आजारी, घरात मृत्यू झालेले, होस्टेल बंद झालेले विद्यार्थी. तिकिटाचे पैसे प्रवाशानं भरायचे. तेव्हा जाहीर झालेले दर लंडनहून सुमारे ५० हजार, अमेरिकेहून सुमारे एक लाख रुपये. आल्यावर क्वारंटाईनचा खर्चही आपला, सुरुवातीला चौदा दिवस आणि मेच्या शेवटी सात दिवस बाहेर, सात दिवस घरी.

म्हणजे 'सरकार फुकट आणतंय' हा समज चुकीचा होता. ज्या घरांनी शिक्षणासाठी आधीच जमीन गहाण टाकली होती त्यांना हा खर्च जड गेला.

मृतदेहाचा प्रश्न

याबद्दल कुणी बोलत नाही, पण माहिती असली पाहिजे. परदेशात माणूस वारला तर मृत्यूचा दाखला, एम्बाल्मिंगचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. मग विमान कंपनी पेटी घेते. एप्रिल २०२० मध्ये अबुधाबीहून दिल्लीला आलेले तीन मृतदेह उतरवून न घेता परत पाठवले गेले, कारण नियमच स्पष्ट नव्हते. ओरड झाल्यावर २५ एप्रिलला गृह मंत्रालयानं कार्यपद्धती काढली. हे नियम आधीच ठरलेले असते तर तीन घरांचे हाल टळले असते. तयारी म्हणजे काय, ते या एका प्रकरणावरून कळतं.

पैसे नसतील तर?

दूतावासाकडं 'भारतीय समुदाय कल्याण निधी' असतो. तो २००९ साली सुरू झाला आणि त्याचे नियम २०१७ मध्ये सैल केले. परदेशात पासपोर्टसारख्या सेवांवर घेतलेल्या छोट्या शुल्कातून तो जमतो. अगदी अडचणीतल्या माणसाची राहण्या-जेवणाची सोय, तातडीचा दवाखाना, परतीचं तिकीट, वकिलाची मदत, मृतदेह पाठवण्याचा खर्च यातून देता येतो. मात्र तो सगळ्यांना सरसकट मिळत नाही. ऐपत बघून, दूतावासाला खात्री पटल्यावर मिळतो. म्हणून अर्जात घरची परिस्थिती खरी आणि स्पष्ट लिहावी. मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही आणि अनेकांना तो आहे हेच माहीत नसतं.

पासपोर्ट हरवला किंवा मालकानं अडकवून ठेवला तर दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो. त्यावर फक्त भारतात परत येता येतं.

तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे. घरचं माणूस सोलापुरात बसूनही त्यावर तक्रार टाकू शकतं. नंबर मिळतो, तक्रार कुठं अडली ते दिसतं. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंदणीही त्यावर करता येते.

आखाती देशात कामाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. त्यांना १८ देशांत कामाला जाताना 'ई-मायग्रेट'मधून परवानगी लागते आणि 'प्रवासी भारतीय विमा योजना' घ्यावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. हा मुख्यतः अपघाताचा विमा आहे, साथीच्या आजारासाठी त्यावर विसंबून चालणार नाही. काही एजंट टुरिस्ट व्हिसावर पाठवतात. तसं गेलेल्या माणसाची कामगार म्हणून सरकारी दप्तरात नोंदच नसते. साथ आली की सगळ्यात आधी तोच उघडा पडतो.

एम्बसी काय करू शकत नाही

तिथला क्वारंटाईन मोडू शकत नाही. आजारी माणसाला विमान कंपनीवर जबरदस्ती करून बसवू शकत नाही. कॉलेजची फी परत मिळवून देण्याची हमी देऊ शकत नाही. दुसऱ्या देशाचा व्हिसा काढून देऊ शकत नाही. चीनमध्ये शिकणारी तेवीस हजारांवर भारतीय मुलं २०२० मध्ये घरी आली ती २०२२ पर्यंत परत जाऊ शकली नाहीत, कारण चीननं व्हिसाच बंद ठेवले होते. दूतावास आणि मंत्रालय बोलत राहिले, पण दार त्यांच्या हातात नव्हतं.

घरच्यांनी आत्ताच करून ठेवायचं

एक, दूतावासाकडं नोंदणी. परदेशात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात माणसानं नाव, पत्ता, फोन, घरचा फोन नोंदवावा. खोली बदलली की पत्ता बदलावा. पंढरीच्या वारीचं उदाहरण घ्या. लाखो माणसं चालतात, पण दिंडीला नंबर असतो, दिंडीप्रमुखाला आपली माणसं माहीत असतात. म्हणून चुकलेली म्हातारीही नुसता दिंडी नंबर सांगून आपल्या माणसांत पोचते. दूतावासातली नोंद म्हणजे तोच दिंडी नंबर.

दोन, घरात एक फाईल. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स, कॉलेजचं पत्र किंवा कामाचा करार, विम्याची पॉलिसी, रक्तगट, चालू औषधांची चिठ्ठी, तिथल्या दोन मित्रांचे नंबर, दूतावासाचे नंबर, एजंटचं नाव आणि लायसन नंबर. मोबाईलमध्ये आहे म्हणून भागत नाही, कागदावर हवं.

तीन, नावाचा मेळ. आपल्याकडं आधारवर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं नाव असतं. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं आडनाव आधी. २०२१ मध्ये लसीच्या प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडायचा होता तेव्हा नावं जुळण्याला किती किंमत आहे ते कळलं. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. दुरुस्ती निवांत असताना करून घ्यावी.

चार, पासपोर्टची मुदत. अनेक देशांना सहा महिने मुदत शिल्लक लागते. वर्ष राहिलं की नूतनीकरणाच्या मागं लागावं.

पाच, विमा. कॉलेजनं दिलेल्या पॉलिसीत साथीचा आजार आणि मृतदेह परत आणण्याचा खर्च धरलाय का, ते विचारून घ्यावं.

सहा, अडीअडचणीचे पैसे. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम बाजूला असावी. डाळिंबाचे, उसाचे पैसे आले की त्यातून आधी ही.

सात, घरातून एकानंच बोलायचं. मामा, चुलता, सरपंच, आमदारांचे पीए अशा दहा जणांनी दहा फोन केले की त्याच माणसाच्या दहा नोंदी होतात आणि लाईन अडते. एक माणूस, एक तक्रार नंबर, तारीखवार वही.

आठ, व्हॉट्सॲपवरच्या याद्यांना भुलू नये. 'विमानात सीट मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी दूतावासाच्या वेबसाईटवर खात्री करावी.

जिल्ह्यानं काय करावं?

केरळमध्ये परदेशातल्या आपल्या माणसांसाठी 'नोर्का' हा राज्य सरकारचा वेगळा विभाग १९९६ पासून आहे. तिथल्या माणसाला कुठलं दार ठोठवायचं हे माहीत असतं. आपल्याकडं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'विदेश भवन' आहे. पासपोर्ट कार्यालय, परदेशी कामाला जाणाऱ्यांचं संरक्षण बघणारं कार्यालय आणि परराष्ट्र मंत्रालयाची शाखा २०१७ पासून तिथं एका छताखाली आहे. पण करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या माणसाला ते लांब पडतं.

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात परदेशातल्या सोलापूरकरांची एक यादी ठेवली तर मोठं काम होईल. सक्ती नको, ज्यांना द्यायची त्यांनी माहिती द्यावी. ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा ग्रामसभेत विचारावं, 'गावातलं कोण बाहेर आहे?' अकरा तालुक्यांची यादी तयार असली तर वेळ आल्यावर एका मेलवर ती संबंधित दूतावासाकडं जाईल. पूर आला तर कुठल्या वस्तीवर किती माणसं आहेत हे तलाठ्याला माहीत असतं, तसंच हे. परत येणाऱ्यांना ठेवायचं कुठं, त्यांची तपासणी कुठं, याचाही कागद त्याच कक्षात तयार पाहिजे. २०२० मध्ये परतलेल्या माणसांकडं काही गावांत संशयानं बघितलं गेलं. आधी ठरलेली जागा आणि नियम असले की तो त्रास कमी होतो.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत महासाथीबद्दलचा नवा करार मंजूर झाला. पुढची साथ येणार हे धरूनच जग चाललंय. ती कुठल्या देशात सुरू होईल हे कुणी सांगू शकत नाही. आपलं माणूस आज कुठल्या शहरात, कुठल्या खोलीत राहतं आणि त्याची नोंद दूतावासात आहे का, हे मात्र आज रात्रीच्या फोनवर विचारता येतं. फाईल लावायला एक संध्याकाळ पुरते.